दोन्ही डावे पाय

आत्याला घरातल्या सगळ्यांचे पाय तोंडपाठ होते. चेहरे वर कुठेतरी असतात, ते उशिरा कळतात. पाय आधी येतात. वहिनींच्या टाचेला भेग पडली की ती वहिनींच्या आधी आत्याला दिसायची. भाची सँडल काढते की भिरकावते, यावरून ऑफिसात साहेब काय बोलला असेल ते ती अचूक सांगायची. दादाचा डावा पाय चालताना जरा बाहेर पडायचा आणि कंबर धरली असली की उजवा फरशीवरून घासत यायचा. ज्याला जग गुडघ्यापर्यंतच मिळतं तो तेवढं जग नीट शिकून घेतो. करणार काय?

ती स्वतः चार चाकं लावलेल्या फळीवर बसून घरभर फिरायची. लहानपणी ताप आला आणि जाताना पाय घेऊन गेला, असं आई सांगायची. पाय होते म्हणा जागेवरच, पण असून नसल्यासारखे: मनगटांपेक्षा बारीक, आणि उजव्याचा पंजा आत वळलेला. फळी दादानं केली होती. तो कारखान्यात लेथवर काम करायचा, चाकं तिथूनच आणली होती. वहिनी तिला रथ म्हणायच्या. "ताई, रथ घ्या जरा बाजूला, फरशी पुसायचीय." बाजूला म्हणजे कुठे, तर पलंगाखाली. आत्या मुकाट्यानं पलंगाखाली जायची आणि तिथून फडक्याच्या फेऱ्या बघत राहायची.

घर तिसऱ्या मजल्यावर. खिडकी होती, पण तिची कड आत्याच्या डोक्यापेक्षा हातभर उंच. तिला आभाळाचा एक तुकडा आणि दोन वायरी दिसायच्या. खाली रस्ता आहे हे तिला आवाजावरून ठाऊक होतं. "बाहेर काय चाललंय?" असं विचारलं, की ज्याला विचारलं तो खिडकीशी जाऊन बघायचा आणि म्हणायचा, "काही नाही." उभ्या माणसांचं एक बरं असतं. त्यांना रस्त्यावर काहीच दिसत नाही.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी दादा होता, म्हणजे दादाची पाठ होती. तो तिला पाठीवर घ्यायचा, एका जुन्या करड्या शालीनं दोघांना मिळून बांधायचा आणि जिना उतरायचा. प्रत्येक वळणावर थांबून तिला जरा वर सरकवायचा आणि विचारायचा, "घट्ट धरलंस ना?" ती त्याच्या कानाशी "हो" म्हणायची, मग पुढचा जिना. गल्लीच्या टोकाला फोटो स्टुडिओ होता. तिथे तिला टेबलाशी बसवून तो कामावर जायचा आणि येताना घेऊन यायचा. लोक वळून बघायचे. बघेनात का, तीही बघायची. त्याच्या खांद्यावरून तिला माणसांच्या टाळू दिसायच्या, दुकानांच्या पाट्या दिसायच्या, आणि तेवढ्या वेळापुरती ती साऱ्या गल्लीपेक्षा उंच असायची.

स्टुडिओत ती टचिंग करायची. हे काम तिला कुणी शिकवलं नाही. आधीचा माणूस सोडून गेला, मालकांनी ब्रश तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "कर काहीतरी." तिनं केलं. बारीक ब्रशानं फोटोतल्या माणसांचे देवीचे व्रण बुजवायचे, टकलावर केस आणायचे, मिटलेले डोळे उघडायचे. मेलेल्या माणसांचेसुद्धा डोळे तिनं उघडून दिले होते. एक बाई नवऱ्याचा फोटो बघून म्हणाली, "आमचे हे असे हसरे कधी नव्हते हो," आणि तरी फोटो छातीशी धरून घेऊन गेली. आत्याच्या हाताला असं वळण पडलं, की वाकडं दिसलं की तो आपणहून सरळ करायचा.

आई असताना घरच्या सगळ्यांचा एक फोटो काढला होता. आई खुर्चीत, शेजारच्या खुर्चीत आत्या, आणि तिच्या खुर्चीला टेकून दादा उभा. सगळं छान आलं, पण आत्याच्या लांब झग्याखाली खुर्चीचे पाय होते आणि तिचे नव्हते; ते वर मुडपलेले होते. आई म्हणाली, "तुझ्याच हातात आहे की गं. लाव ना पाय." तिनं लावले. झग्याखालून बुटांची दोन टोकं काढली, सावलीसकट. शेजारपाजारच्यांनी तोंडात बोटं घातली. "कळतसुद्धा नाही!" असं जो तो म्हणाला. हीच आपली सगळ्यात मोठी शाबासकी, असं तिला कितीतरी वर्षं वाटत होतं. फोटो हॉलमध्ये उंचावर लागला.

पुढे एकदा घराला रंग काढला तेव्हा तो फोटो खाली येऊन तिच्या समोर भिंतीला टेकून राहिला. तिनं सहज बघितलं, आणि रथ आणखी जवळ घेतला. दोन्ही बूट डावे होते. तिनं आयुष्यात बूट घातला नव्हता. समोर नमुना म्हणून फोटोतला दादाचा पाय होता. त्याचा उजवा पाय खुर्चीआड गेलेला, दिसत होता तो डावा. तो तिनं बघून बघून उतरवला. एकदा इकडे, एकदा तिकडे. जन्मभर बूट बांधणाऱ्या माणसाच्या हातून ही चूक होणार नाही, आणि कधीच न घालणाऱ्याच्या हातून दुसरं काही होणारही नाही. ती आधी खूप हसली. मग तिला वाटलं, आता कुणीतरी बघेल. आता नाही तर उद्या. आला-गेला प्रत्येक जण त्या फोटोखाली बसून चहा पिऊन गेला, आणि कुणाला काही दिसलं नाही. तिनंही सांगितलं नाही. सांगून दाखवायचं तर मग बघणं कसलं?

नंतर कॉम्प्युटर आला आणि स्टुडिओ बंद पडला. त्याच सुमारास दादाच्या कंबरेतली चकती सरकली, डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केली, आणि आत्या वर राहिली ती राहिलीच. एका संस्थेनं चाकाची खुर्ची दिली. ती जिन्याखाली घडी घालून उभी होती. शेजारचे तिच्यावर फरशीची फडकी वाळत घालायचे. इमारतीत लिफ्टसाठी खड्डा ठेवलेला होता, त्यात लिफ्ट सोडून बाकी सगळं सापडलं असतं. एकदाच, दवाखान्यासाठी, चार माणसांनी तिला खुर्चीत घालून उतरवलं. वळणावर खुर्ची तिरकी झाली, झगा वर गेला, आणि तिन्ही मजल्यांची दारं नेमकी उघडी. परत वर आल्यावर तिनं सांगून टाकलं, "यापुढे जाईन ती एकदाच. तेव्हा मला लाज वाटायचं कारण उरलेलं नसेल."

तर असे दिवस जात होते, म्हणजे जात नव्हते, आणि एक दिवस कपाटाचा आरशाचा दरवाजा बिजागरीतून निखळला. दादानं तो भिंतीला टेकवून ठेवला आणि म्हणाला, "उद्या बसवतो." दादाचा उद्या म्हणजे भिजत घोंगडं. पण त्या आळसानं मोठंच काम केलं. घरातले आरसे उभ्या माणसांच्या उंचीचे. आत्याला त्यांत फार तर कपाळ दिसायचं, तेही पलंगावर चढवलं तर. हा आरसा जमिनीला टेकून उभा होता. ती रथ वळवून समोर आली आणि पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा तिनं स्वतःला अख्खं बघितलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणतात. पायांना लागतो.

ती घाबरली. मनात तिनं स्वतःला वेगळंच धरलं होतं, त्या फोटोतल्यासारखं. आरशात एक रुंद खांद्यांची, दंड गड्यासारखे भरलेली बाई होती आणि तिच्या खाली कुणा लहान मुलाचे पाय ठेवून दिलेले होते. ती बराच वेळ त्या बाईकडे बघत राहिली. मग तिनं ब्रश शोधले.

स्टुडिओ बंद करताना मालकांनी जाड पुठ्ठे तिच्याकडे पाठवले होते. त्यांवर ती रोज स्वतःला काढू लागली. पहिलं चित्र झालं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "अगंबाई, किती छान! अगदी फोटोसारखं!" आत्यानं नीट बघितलं तर खांदे एका रेषेत आलेले, डोळ्यांखालचं काळं गेलेलं, आणि उजवा पंजा सरळ. तिला ठाऊकच नव्हतं; हातानं परस्पर करून टाकलं होतं. तिनं पुठ्ठा फाडला. दुसऱ्यात तेच, तिसऱ्यात तेच. आपला हातच आपल्याला फितूर झालाय असं वाटून तिला एकदा रडू आलं. खोलीतून सुटका नव्हती ते एक वेळ ठीक. पण या हातातूनही सुटका नव्हती. शेवटी तिनं एक युक्ती केली. वाकडं काढायची वेळ आली की मुद्दाम जीभ दातांखाली धरायची. दुखलं की सरळ करायला निघालेला हात थांबायचा. अशी ती जीभ चावत चावत खरं काढायला शिकली.

मोठं चित्र तिनं पातळ प्लायवूडवर काढलं, अगदी आरशातल्याएवढं. रथावर बसलेली ती, मागे पलंगाखालचा अंधार, वर कडेला उभ्या माणसांच्या पोटऱ्या, डोकी कुठेच नाहीत. आणि मधोमध ते दोन पाय, जसे होते तसे. त्या पायांवर तिनं सगळ्यात जास्त दिवस घालवले. वाकड्या पंजाची नखं वहिनी कशी कापून देतात, त्यातलं एक नेहमी कसं राहून जातं, तेसुद्धा त्यात होतं.

भाचीनं मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि कोपऱ्यावरच्या वाचनालयात दाखवला. तिथल्या सभागृहात प्रदर्शन भरणार होतं: न शिकलेल्या माणसांनी काढलेली स्वतःची चित्रं. त्यांनी लगेच हो म्हटलं. भाची जिना धावत चढून आली. सँडल दारातच उडाल्या.

"आत्या, घेतलं तुझं! भिंतीवर मधोमध लावणार म्हणाले."

दादा खुर्चीत बसून बूट पुसत होता. तो म्हणाला, "काही गरज नाही."

"का पण, बाबा?"

"लोकांना काय तमाशा दाखवायचाय? झाकली मूठ सव्वा लाखाची असते."

"माझी मूठ कधीच झाकलेली नव्हती, दादा," आत्या खालून म्हणाली. "झाकलेत ते पाय."

दादानं तिच्याकडे बघितलं नाही. बूट पुसत म्हणाला, "मी नाही म्हणत नाही गं. पण निदान एक शाल तरी टाक वर. तुला काय, दोन मिनिटांचं काम. थोडं टचिंग कर, आणि मग जाऊ दे हवं तर."

भाची संध्याकाळी हळूच म्हणाली, "मी नेते ना गुपचूप." आत्यानं नकारार्थी मान हलवली. ज्याच्या पाठीवरून सगळी गल्ली बघितली त्याला चोरून काही करायचं तिच्या मनाला पटेना. पण जावं मात्र असं फार वाटत होतं. ती स्वतः तो जिना उतरणार नव्हती, हे तिनं कधीच मान्य करून टाकलं होतं. हे चित्र तरी उतरू दे, आणि उतरलं तर असंच उतरू दे, एवढंच तिचं मागणं होतं. ते तिनं मोठ्यानं कुणाला सांगितलं नाही. सगळ्या घराला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं करडा रंग कालवला. असंच नाही जात तर नाही, पण शाल टाकून का होईना जाऊ दे, असं मनाला समजावलं. हात काय, तयारच होता. बघता बघता उजव्या पायावर शाल पडली, चुण्यांसकट, काठासकट, आणि वाईट म्हणजे फार सुरेख पडली. आता शालीखालून काहीतरी दिसायला हवं, नाहीतर खोटं वाटेल. तिनं जुन्या सवयीनं मान वर केली आणि भिंतीवरच्या फोटोतले बूट बघायला लागली.

तेव्हा तिला स्वतःचाच असा संताप आला की तिनं ब्रश फरशीवर आपटला.

"दादा! इकडे ये. तो फोटो काढ खाली."

"आता काय झालं?"

"काढ म्हणते ना."

त्यानं काढला. ती म्हणाली, "बस."

"अगं, बसलो तर मला उठवणार कोण?"

"वहिनी आहेत. बस."

दादानं पलंगाचा आधार घेतला, एक गुडघा टेकला, "आई गं" म्हणाला, आणि कसाबसा जमिनीवर आला. किती वर्षांनी आला कोण जाणे. त्याचा चेहरा एवढ्या जवळून बघायची तिला सवय राहिली नव्हती. फार म्हातारा झाला होता. तिनं फोटो त्याच्या मांडीवर ठेवला.

"नीट निरखून बघ. यात काय चुकलंय सांग."

त्यानं फोटोकडे पाहिलंही नाही. "दोन्ही डावे आहेत," तो म्हणाला.

आत्या रथावरून पुढे वाकली. "कधी कळलं तुला?"

"घरी आणला त्याच दिवशी. माझाच बूट ना तो. टोकाला लेथच्या ठिणगीचा डाग पडला होता. साऱ्या गावाचे डाग बुजवतेस तू, पण तो तेवढा जसाच्या तसा उतरवलास. दोन्हीकडे."

"मग बोलला का नाहीस?"

दादा अंगठ्यानं काच पुसायला लागला. काच स्वच्छच होती. "काय बोलू? मला बरं वाटलं होतं. म्हटलं, हिनं पाय घेतले ते माझेच घेतले. दुसऱ्या कुणाचे नाही. आणि मग वाटलं, तुला आपली चूक कळली तर तू खट्टू होशील. तू लपवतेयस असं वाटायचं मला."

"मी लपवत नव्हते रे!" तिचा आवाज चिरकला. "मी वाट बघत होते. कुणीतरी बघावं म्हणून. एवढी वर्षं या इथे खाली बसून वाट बघत होते, आणि तू बघून बसला होतास?"

तिला राग आला होता, रडू येत होतं, आणि दोन्ही एकदम येत असल्यामुळे धड काहीच होत नव्हतं. एका घरात, एका फोटोखाली, दोघं भावंडं अळीमिळी गुपचिळी खेळत म्हातारी झाली होती. दादानं मान वळवायला म्हणून समोर बघितलं, तर समोर आरसा होता आणि आरशात त्याच्या पसरलेल्या पायांशेजारी तिचे. बाजूला चित्र. उभ्यानं त्यानं ते कितीदा पाहिलं होतं. ते खाली बसून बघायचं आहे हे त्याला तेव्हाच कळलं. तो बघत राहिला. पोटऱ्यांपाशी आल्यावर म्हणाला, "हा मी ना? डावा बाहेर पडलाय."

"हो."

"आणि ही शाल कधी घातलीस?"

"तूच म्हणालास."

त्यानं जवळचं फडकं उचललं आणि ओला करडा रंग पुसायला लागला. लेथवाल्याचा हात, दाबून, आडवा-उभा. आत्या "अरे हळू, अरे खालचा रंग जाईल" करत राहिली. पंजा पुन्हा दिसायला लागला, वाकडा, पण बोटांच्या मधे थोडं करडं अडकून राहिलं. "एवढं राहिलं बघ," दादा म्हणाला. तिनं त्याच्या हातातून फडकं घेतलं आणि म्हणाली, "राहू दे."

मग त्याला उठवण्याचा सोहळा झाला. वहिनी एका बाजूनं, भाची दुसऱ्या बाजूनं. दोघींच्या नाकी नऊ आले. वहिनी म्हणाल्या, "आता दुसरा रथ करायला टाका. दोघं भावंडं फिरा घरभर." बऱ्याच वर्षांनी आत्या मोठ्यानं हसली.

सकाळी भाचीनं रिक्षा बोलावली. दादा म्हणाला, "रिक्षा कशाला? कोपऱ्यावर तर आहे." त्यानं कंबरेचा पट्टा आवळला आणि कपाटातून ती जुनी करडी शाल काढली. वहिनी ओरडल्या, "डॉक्टरांनी काय सांगितलंय?" तो म्हणाला, "चित्राला वजन किती असतं!" चित्र कागदात गुंडाळलं, पाठीला लावलं, शाल छातीवरून घेऊन गाठ मारली, तशीच, पूर्वीसारखी. भाची पुढे उतरली, तो मागून.

आत्या रथ ढकलत उंबऱ्यापर्यंत आली. तिथून पुढे तिचा रस्ता नव्हता. तिला कठड्याच्या फटीतून पहिला जिना दिसला, त्याची पाठ दिसली, पाठीवरचा कागद दिसला, आणि मग वळणावर ते दिसेनासं झालं. पावलं मात्र ऐकू येत होती. डावा पाय बाहेर, उजवा घासत. वळणावर पावलं थांबली. तिथेच थांबायची, नेहमी. कागद जरा वर सरकवल्याचा आवाज आला, आणि मग खालून दादाचा धापा टाकणारा आवाज:

"घट्ट धरलंस ना?"

तो कुणाला विचारतोय हे त्याला तरी कळलं की नाही, कोण जाणे. आत्यानं दाराची चौकट दोन्ही हातांनी पकडली आणि ओरडली, "हो!"

पावलं पुढे निघाली. वहिनी थोडा वेळ तिच्या मागे उभ्या राहिल्या, मग हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, दार लावू का?"

"थांबा जरा, वहिनी," आत्या म्हणाली. "अजून एक वळण आहे."